दादाभाईंची निवडणूक आणि धाराशिवकडील जुनीं वृत्तपत्रें

ऐतिहासिक साधनांची प्रतवारी लावतांना आपण सनदा, महजर व पत्रें यांना अग्रपूजेचा मान देतों; वृत्तपत्रें मात्र रद्दींत जातात. हा पंक्तिप्रपंच अन्यायाचा आहे, हें एका उदाहरणानें दाखवितों.

दादाभाई नौरोजी हे १८८६ सालीं लंडनमधील होबर्न मतदारसंघांत लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. त्यांस १,९५० व प्रतिपक्षी कर्नल डंकन यांस ३,६५१ मतें पडलीं. पुढें नोव्हेंबर १८८८ मध्यें मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनीं एडिंबरो येथील भाषणांत ‘काळा मनुष्य’ या शब्दांनीं त्यांचा उल्लेख केला. त्यावर वृत्तपत्रांत गदारोळ उडाला आणि एक पराभूत उमेदवार सर्वतोमुखीं झाला. हिंदुस्थानांतून इंग्लंडांत वाहून जाणाऱ्या द्रव्याचा प्रश्न दादाभाई १८६७ पासून मांडीत होते. पण चर्चा झाली ती त्यांच्या कातडीच्या रंगाची!

जुलै १८९२ मध्यें ते सेंट्रल फिन्सबरींतून निवडून आले. ग्रंथांतून त्यांचें मताधिक्य कोठें ३ तर कोठें ५ दिलेलें आढळतें. पहिला आंकडा मूळ मोजणीचा, दुसरा फेरमोजणीनंतरचा. म्हणजे लेखकानें कोणता आंकडा घेतला यावरून त्याच्या साधनाचा माग लागतो. १८७० पासून मुंबई एडनमार्गें समुद्रतारेनें विलायतेशीं जोडली गेली होती. आंकडा तारेनें तत्काळ येई. भाषणांचा तपशील मात्र टपालाच्या आगबोटीनें मागाहून येई. यास्तव घटनेची तिथि, वृत्त पोंचल्याची तिथि व छापल्याची तिथि या तीन भिन्न मानाव्या.

एकाच पुरुषाचीं तीन रूपें या पत्रांतून दिसतात. फिन्सबरीच्या मतदारास ते आयर्लंडच्या स्वराज्यास अनुकूल असे ग्लॅडस्टनपक्षीय उमेदवार. विरोधकांस परकी ‘काळा मनुष्य’. आणि हिंदी पत्रांस समग्र हिंदुस्थानचे प्रतिनिधि, ज्यांस मत देण्याचा अधिकार येथें कोणासच नव्हता. एकाच बाजूचें पत्र वाचून चरित्र लिहिणारास तिहींपैकीं एकच रूप दिसेल.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १८५३ च्या तहानें धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला व १८६० मध्यें निजामाकडे परतला. त्यामुळें १८९२ सालीं शेजारचे सोलापूरकर इंग्रजांचे प्रजाजन, तर नळदुर्ग-तुळजापूरकर निजामाचे. ‘हिंदुस्थानचे प्रतिनिधि’ या पदवींत हे आपणांस धरीत होते काय? याचें उत्तर मुंबई-पुण्याच्या छापील अंकांत मिळणार नाहीं. तें मिळालें तर इकडील घरांत राहिलेल्या अंकांवरील वर्गणीदाराच्या नांवांत, टपालाच्या शिक्क्यांत व समासांतल्या मोडी टिपणांत मिळेल.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, १८८५ ते १८९५ या काळांतील वृत्तपत्रांचा गठ्ठा हातीं आल्यास कात्रणें काढूं नयेत. पूर्ण अंक ठेवावा, आणि तो कोणत्या गांवीं, कोणत्या रुमालांत व कोणत्या कागदांसोबत निघाला हें लागलेंच टिपून ठेवावें. हातकागदावरील मोडी पत्र दोनशें वर्षें टिकतें. लांकडाच्या लगद्याचा वृत्तपत्री कागद शंभर वर्षांतच ठिसूळ होऊन बोटांखालीं मोडतो. दप्तरें थोडीं थांबूं शकतील, हीं पत्रें थांबणार नाहींत.