ग्रंथ आले, भाषा आली नाही : इटली, विद्यापीठ आणि मराठी वाङ्मयव्यवहार

अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'युरोपीय वाङ्मयाचा प्रभाव' हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे केला जातो की, त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. आपल्याकडे ज्याला युरोपीय प्रभाव म्हटले गेले तो बहुतांशी इंग्रजी वाङ्मयाचा, किंवा इंग्रजीने निवडून, अनुवादून आणि अर्थ लावून आपल्यापुढे ठेवलेल्या युरोपचा प्रभाव होता. हे विधान तपासण्यासाठी इटलीचे उदाहरण उपयोगी पडते. इटलीशी महाराष्ट्राचा राज्यकर्त्याचा संबंध कधीच नव्हता. तरीही गेल्या दोन शतकांत इटली या ना त्या रूपात येथील ग्रंथालयांत, राजकीय लेखनात आणि विद्यापीठीय उपक्रमांत वावरत राहिली. ती कोणत्या वाटेने आली आणि त्या वाटेवर विद्यापीठाने कोणती भूमिका बजावली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाची एक सुरुवात अनपेक्षितपणे शिरूर परिसराशी जोडलेली आहे. घोडनदीकाठचे शिरूर हे पेशवाईच्या अखेरच्या काळात इंग्रजांच्या फौजेचे ठाणे होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली त्या दिवशी पुण्यातील संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली आणि रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचा ग्रंथसंग्रह व कागदपत्रे तीत नष्ट झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३१ डिसेंबरच्या रात्री, कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या मदतीसाठी शिरूरहून निघाली, आणि १ जानेवारी १८१८ रोजी आजच्या शिरूर तालुक्यातील कोरेगाव येथे ती लढाई झाली. ज्याची पुस्तके पुण्यात जळाली तो एल्फिन्स्टन पुढे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. दान्तेच्या 'दिव्हिना कोम्मेदिया'चे एक जुने हस्तलिखित त्याने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिले. ते आजही त्या संस्थेच्या संग्रहात आहे.

या हस्तलिखिताविषयी एक हकिगत वारंवार सांगितली जाते. १९३०च्या सुमारास मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि संस्थेने ते नाकारले, अशी ती हकिगत आहे. तिच्या खरेपणापेक्षा तिच्या स्वरूपाकडे लक्ष द्यावयास हवे. आपण या ग्रंथाविषयी जे बोलतो ते त्याच्या किमतीविषयी असते. त्यातील काव्याविषयी नसते. दोन शतकांच्या सहवासातून दान्तेच्या मूळ भाषेशी झुंजणारी अनुवादांची वा समीक्षेची परंपरा मराठीत निर्माण झाली नाही. ग्रंथ जवळ असणे आणि ग्रंथ वाङ्मयव्यवहारात असणे या दोन भिन्न अवस्था आहेत.

या दोन अवस्थांमधील अंतर कमी करणे हे विद्यापीठाचे काम. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. तेथे संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांना स्थान होते. परंतु उच्च परीक्षांतून मराठीच वगळली गेली होती आणि तिच्या पुनःप्रवेशासाठी न्या. रानडे यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. जेथे मराठीलाच अभ्यासविषय म्हणून मान्यता मिळवावी लागत होती, तेथे मराठी आणि इटालियन यांचा थेट संबंध प्रस्थापित होणे संभवनीय नव्हते.

याच काळात इटलीतील चित्र उलटे होते. आंजेलो दे गुबेर्नातिस हे १८६३पासून फ्लॉरेन्स येथील उच्च शिक्षणसंस्थेत संस्कृत शिकवीत होते. १८८५-८६ मध्ये त्यांनी भारताचा प्रवास केला आणि १८८६ साली फ्लॉरेन्स येथे भारतीय वस्तूंचे संग्रहालय उभे केले. या कार्यात त्यांना मुंबईतील एका विद्वानाचे मोठे साहाय्य झाले. ते म्हणजे मूळचे गोव्याचे डॉ. जोझे गेर्सन द कुन्य. 'सह्याद्रिखंडा'ची मुद्रित आवृत्ती (१८७७) सिद्ध करणारे आणि कोंकणी भाषा व वाङ्मय यांवर (१८८१) लिहिणारे हे वैद्यक व्यावसायिक इटालियन प्राच्यविद्येशी समान पातळीवर संबंध ठेवू शकले. हा संबंध विद्यापीठामुळे जुळला नाही, ही गोष्ट मात्र सूचक आहे. गोव्याच्या पोर्तुगीज-लॅटिन परंपरेत वाढलेल्या माणसाला जो युरोप उपलब्ध होता, तो मुंबई विद्यापीठाच्या पदवीधराला उपलब्ध नव्हता. द कुन्य यांच्या मृत्यूनंतर (१९००) हा धागा पुढे नेणारी संस्था उरली नाही. व्यक्तीची जिज्ञासा आणि संस्थेची व्यवस्था यांत फरक असतो तो असा.

मराठीत इटली ठसठशीतपणे आली ती राजकारणाच्या द्वारे. १९०४ साली 'अभिनव भारत' हे नाव घेतले गेले तेव्हा मॅझिनीच्या 'तरुण इटली'चा (१८३१) आदर्श समोर होता. लंडनमध्ये वि. दा. सावरकरांनी सिद्ध केलेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे व राजकीय लेखांचे मराठी रूपांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. हे रूपांतर इंग्रजी अनुवादावरून झाले होते. तरीही त्याचा परिणाम मोठा होता, हे नाकारता येत नाही. मॅझिनीच्या लेखनातील इटली म्हणजे परसत्तेखाली विभागलेला देश, आणि मराठी वाचकाने तीत स्वतःचा देश पाहिला. वाचनाची ही रीत समर्थनीय होती. पण तीत इटलीला स्वतंत्र अस्तित्व उरले नाही.

काव्याच्या क्षेत्रातही हेच घडले. चौदा ओळींचा जो रचनाबंध केशवसुतांनी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' या कवितेत वापरला व पुढे 'सुनीत' या नावाने स्थिरावला, त्याचा उगम तेराव्या शतकातील सिसिलीच्या दरबारी काव्यात आहे. पेत्रार्कने त्याला प्रतिष्ठा दिली. मराठीत मात्र तो इंग्रजी कवितेच्या वाचनातून आला, आणि सुनीताविषयीच्या आपल्या चर्चेत 'पेत्रार्कीय' हे विशेषण पेत्रार्कची ओळही न वाचता रूढ झाले. मध्यस्थ भाषा असणे हा दोष नव्हे. दौंडसारख्या जंक्शनवर गाडी बदलूनच कित्येक ठिकाणी जाता येते. दोष आहे तो गाडी बदलल्याचे विसरण्याचा.

विद्यापीठाने स्वतः पुढाकार घेऊन इटालियन भाषा व संस्कृती यांचा उपक्रम योजल्याचे भारतातील ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, शांतिनिकेतनचे आहे. विश्वभारतीची स्थापना १९२१ सालची. १९२५च्या आरंभी रवींद्रनाथ मिलानला गेले असता रोम विद्यापीठातील संस्कृतचे प्राध्यापक कार्लो फोर्मिकी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्मिकी आणि त्यांच्यासमवेत तरुण जुझेप्पे तुच्ची शांतिनिकेतनात अध्यापनासाठी आले. इटालियन ग्रंथांचा एक मोठा संग्रहही भेट म्हणून आला. अध्यापकाचे वेतन आणि ग्रंथांचा खर्च इटालियन सरकारने उचलला होता, आणि त्या सरकारचा प्रमुख मुसोलिनी होता.

१९२६च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ निमंत्रणावरून इटलीला गेले, मुसोलिनीला भेटले. क्रोचे यांच्याशीही त्यांची भेट झाली. त्यांच्या नावे तेथील वृत्तपत्रांत राजवटीच्या स्तुतीचे उद्गार छापले गेले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ आणि निर्वासित इटालियन यांच्याकडून वस्तुस्थिती कळल्यावर रवींद्रनाथांनी सी. एफ. अँड्र्यूज यांना लिहिलेल्या पत्राद्वारे फॅसिझमचा जाहीर निषेध केला. ते पत्र ऑगस्ट १९२६ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामी सरकारी पाठबळावर उभा राहिलेला हा उपक्रम थोड्याच काळात संपुष्टात आला.

या प्रसंगावरून विद्यापीठातील परदेशी सांस्कृतिक उपक्रम म्हणजे केवळ प्रचार, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. तुच्ची १९३०पर्यंत भारतात राहिले, कलकत्ता व ढाका येथेही त्यांनी शिकविले, आणि बौद्ध व तिबेटी विद्येतील त्यांचे कार्य पुढे जगन्मान्य झाले. मात्र याच तुच्चींनी १९३३ साली रोम येथे मध्य व अतिपूर्वेकडील देशांसाठीच्या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला, आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद राजवटीचे तत्त्वज्ञ जेंतीले यांच्याकडे होते. विद्या आणि सत्ता एकाच माणसात अशा एकत्र नांदल्या. प्रश्न असा पडतो की, शांतिनिकेतनातील भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती काय राहिले? इटालियन विद्वानाला संस्कृत, पाली, तिबेटी यांची सामग्री मिळाली. भारतीय भाषांना दान्ते वा लेओपार्दी यांची वाट त्याच प्रमाणात मिळाली असे म्हणता येत नाही. विनिमय असमान ठरला. त्याचे कारण जसे दात्याच्या हेतूत होते, तसे घेणाऱ्याच्या अपुऱ्या व्यवस्थेतही होते.

महाराष्ट्रात याच सुमारास जी इटली अवतरली तिला विद्यापीठाची गाळणीही नव्हती. द. वि. ताम्हनकर यांचे 'मुसोलिनी आणि फॅसिझ्मो' १९२७ साली प्रसिद्ध झाले. डॉ. बा. शि. मुंजे यांनी मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली व तेथील युवक-लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या. १९३७ साली नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. मॅझिनीच्या वेळी जी वाचनरीत होती तीच येथे पुन्हा दिसते: इटलीत आपणास हवे तेवढे पाहणे. ज्या इटलीत त्याच वेळी ग्राम्शी तुरुंगात लिहीत होता आणि क्रोचे राजवटीच्या विरोधात उभा होता, ती इटली त्या काळच्या मराठी प्रतिमेत अभावानेच आढळते. भाषा येत असती तर दुसरा आवाजही ऐकू आला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र तो ऐकण्याची शक्यता तरी निर्माण झाली असती. रवींद्रनाथांनाही तो आवाज इटलीबाहेर पडल्यावरच ऐकू आला, हे येथे ध्यानात घ्यावे.

आज शिरूर व दौंड येथील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते पुणे विद्यापीठ (स्थापना १९४९, २०१४पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) होय. त्याचा विदेशी भाषा विभाग पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. शिरूर वा दौंडपासून हे अंतर फार मोठे नाही. तरीही येथे मराठी घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी दान्ते, पिरांदेल्लो, ग्राम्शी यांची नावे लिहितो ती इंग्रजीच्या, आणि बहुधा इंग्रजीवरून मराठीत आलेल्या टिपणांच्या आधारे. हे मी त्याच्यावरील टीका म्हणून लिहीत नाही; त्याला शिकविणाऱ्याची, म्हणजे माझीही, स्थिती तीच आहे.

म्हणून विद्यापीठातील चित्रपट-महोत्सव, भाषा-सप्ताह, व्याख्यानमाला अशा उपक्रमांचे मूल्यमापन उपस्थितीच्या आकड्यांवरून करून भागणार नाही. त्याचा खर्च कोण करतो, तेथे कोणाचे आवाज वगळले जातात, आणि कार्यक्रम संपल्यावर मराठीत काय शिल्लक राहते, हे तीन प्रश्न समीक्षेने विचारले पाहिजेत. शांतिनिकेतनच्या उपक्रमात पहिल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा उमगले आणि दुसऱ्याचे परदेशात जाऊन मिळाले. आपल्याला अडतो तो तिसरा प्रश्न. मुंबईतील हस्तलिखित जपून ठेवण्याचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे. ते वाचणारा मराठी अभ्यासक घडविण्याची जबाबदारी मात्र संस्थेच्या कपाटावर टाकता येणार नाही. ती विद्यापीठांच्या मराठी विभागांची आहे, आणि ती त्यांनी अद्याप आपली मानलेली नाही.