काळे पागोटे

दिवाळीत आपण अंगणात मातीचा लोहगड उभारतो, त्यावर हळीव पेरतो, मावळे मांडतो. याच हौसेचा पुढचा टप्पा म्हणजे जुने कृष्णधवल छायाचित्र समोर ठेवून त्यातला देखावा लहान मापात घडवायचा, रंगवायचा आणि तसेच छायाचित्र पुन्हा टिपायचे.

खंडाळ्याजवळचे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ या कामी मोठे मोहाचे. भोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. गाडी येथे थांबून उलट दिशेने निघे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे स्थानक बंद पडले.

रंगवताना मात्र पेच पडतो. त्या काळची कलोडियनची ओली काच निळा प्रकाश चटकन टिपे, तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. म्हणून निळे आकाश पांढरेफटक दिसते आणि तांबडे पागोटे काळे. हुबेहूब छायाचित्र हवे, तर पागोटे काळेच रंगवावे लागते.

दुसरा पेच याहून अवघड. त्या काचेला काही सेकंद उजेड लागे. हलणारी माणसे पुसट होत, नाहीशीही होत. १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० मजूर राबत होते. पटकीने कित्येक तेथेच गेले. छायाचित्राशी इमान राखावे, तर ही राबती माणसे गाळावी लागतात. इतिहासाशी राखावे, तर गाळवत नाहीत.

मला विचाराल, तर पागोटे खुशाल काळे रंगवावे. पण डोक्यावर पाट्या घेतलेली ती माणसे मांडावीत. मावळ्यांवाचूनच्या ढिगाऱ्याला मुले तरी किल्ला कुठे म्हणतात?