कथेतला फौजदार

कल्याण-कर्जत लोहमार्गाच्या पूर्वेस, बदलापुराला लागून असलेले कात्रप आज इमारतींनी गजबजून गेले आहे. परंतु ज्या काळी ते ठाणे जिल्ह्यातील भातशेतीचे एक खेडे होते, त्या काळी गुन्ह्याचा तपास करणारी सरकारी सत्ता तेथवर कोणत्या रूपाने पोहोचत असे, हे ध्यानात घेतल्यावाचून मराठी रहस्यकथेतील एक चमत्कारिक उणीव, म्हणजे पोलीस नायकाचा अभाव, उलगडत नाही. १८६७ च्या ग्राम-पोलीस कायद्यान्वये मुंबई इलाख्यातील कोणत्याही खेड्याचा पहिला तपासनीस म्हणजे पोलीसपाटील. गावात कोणास अपघाती अथवा संशयास्पद मृत्यू आला, तर दोन किंवा अधिक समंजस गृहस्थांना जमवून कारणाची चौकशी करावी, तिचा लेखी अहवाल करावा आणि जरूर पडल्यास प्रेत सिव्हिल सर्जनकडे रवाना करावे, अशी त्याची कर्तव्ये त्या कायद्यात नमूद होती. प्रेत, संशय, भोवती जमलेली आणि एकमेकांकडे चोरून पाहणारी माणसे, हे रहस्यकथेच्या पहिल्या प्रकरणाचे सारे साहित्य त्या रूक्ष कलमांत आयते मांडून ठेवलेले होते. ते उचलून त्याची कथा करावी असे मात्र कोणास फारसे वाटले नाही.

वाटावे तरी कसे? पाटलाच्या मागोमाग फौजदार येई, आणि फौजदार आला म्हणजे पंचनामे, जबान्या, मुचलके, मुद्देमालाची जप्ती आणि ठाण्याच्या खेपा यांचे जे सत्र सुरू होई, त्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हा भेद त्रासापुरता तरी उरत नसे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे ज्या समाजाने ठरवून टाकले, त्याने ठाण्याच्या पायरीवर आपला नायक शोधावा ही अपेक्षाच अवास्तव होती. हा केवळ रयतेचा पूर्वग्रहही नव्हता. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ मध्ये बसलेल्या पोलीस आयोगाने हे खाते अकार्यक्षम, लाचखाऊ आणि जुलमी असल्याचा निर्वाळा खुद्द सरकारच्याच शिक्क्यानिशी दिला.

मुंबई शहरात चार्ल्स फोर्जेट हा एक अधिकारी असा होऊन गेला, की ज्याच्यावर मालिका रचता आली असती. हिंदुस्थानातच जन्मलेला, देशी भाषा सफाईने बोलणारा आणि वेषांतर करून वस्त्यावस्त्यांतून हिंडणारा हा पोलीस अंमलदार कथेसाठीच निर्माण झाला होता असे म्हणावे. पण त्याची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे १८५७ च्या मुंबईतील कटाचा शोध, आणि त्या शोधाची परिणती अशी, की १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर मंगल गादिया आणि सय्यद हुसेन यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. अशा तपासाच्या यशाने रोमांचित होणारा मराठी वाचक कोठून आणावा?

बंगाल्यात निराळे घडले. कलकत्ता पोलिसांत नोकरी करणारे प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ काढून दारोग्याच्या दप्तरालाच कथेचे रूप दिले. आपल्याकडे मात्र बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, तरी वाचकांनी डोक्यावर घेतले ते झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू यांना: कायद्याला चकवून न्याय करणाऱ्या साहसवीरांना, नाही तर खासगी गुप्तहेराला. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, तोही ठाण्यातला नव्हे. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ही पुस्तके वाचणारा चाकरमाना दिवसभर साहेबाचे हुकूम झेलीत असे. त्याला आणखी एक हुकमाचा ताबेदार कशाला हवा असेल?

या पार्श्वभूमीवर मराठी आडनावाच्या पोलीस इन्स्पेक्टरची पहिली प्रदीर्घ मालिका एका इंग्रजाने लिहावी, आणि तीही मुंबईत पाऊल न टाकता सुरू करावी, याचे आश्चर्य वाटेनासे होते. एच. आर. एफ. कीटिंग यांच्या आधीच्या कादंबऱ्या फारच ब्रिटिश वळणाच्या म्हणून अमेरिकेत खपेनात, तेव्हा त्यांनी कथाभूमी म्हणून मुंबई निवडली. ‘द परफेक्ट मर्डर’ ही गणेश घोटे याची पहिली कादंबरी १९६४ साली निघाली आणि इंग्लंडातील गुन्हेकथा-लेखक संघाचे सुवर्ण खंजीर पारितोषिक तिला मिळाले. मुंबईचे प्रत्यक्ष दर्शन लेखकास घडले ते १९७४ मध्ये.

मराठी वाचक ही कादंबरी हाती घेतो तो मनात अढी ठेवूनच, आणि आरंभी ती अढी पक्की होते. लाला वर्दे हे नाव धारण करणारा धनिक मुंबईच्या कोणत्या पेठेत भेटेल, हे देवच जाणे. हल्ला झालेला चिटणीस पारशी, त्याचे आडनावच परफेक्ट, आणि ज्याच्या खुनाचा गवगवा शीर्षकापासून सुरू होतो तो गृहस्थ मुळात मेलेलाच नसतो. ही इंग्रजी धर्तीची थट्टा आपल्याला जरा परकी वाटते. पण पाने उलटता उलटता एक गोष्ट लक्षात येते. एकीकडे खुनी हल्ल्याचा तपास, दुसरीकडे मंत्रिमहोदयांच्या मेजावरून नाहीशा झालेल्या एका रुपयाचा शोध, आणि ही दोन्ही कामे घोटे याला सारख्याच गांभीर्याने करावी लागतात, कारण हुकूम वरून आलेला असतो! डी. एस. पी. सामंतांपुढे अंग चोरून उभा राहणारा, बायकोच्या रास्त तक्रारीने शरमिंदा होणारा, हान्स ग्रोस याच्या तपासशास्त्रावरील ग्रंथाला पोथीसारखा जपणारा हा इन्स्पेक्टर मला तरी अगदी ओळखीचा वाटला. जिल्हा कचेरीच्या कोणत्याही शिरस्तेदारास तो वाटेल. मुंबईची हवा लेखकाने नकाशातून नि पुस्तकांतून गोळा केली असेल. पण वरिष्ठांचे भय आणि कर्तव्याची टोचणी यांमध्ये सापडलेल्या सरकारी नोकराचे मन त्यास अचूक गवसले. ज्या फौजदाराला आपण खाली उभे राहून पाहत आलो, त्याच्याही डोक्यावर एक फौजदार बसलेला असतो, हे आमच्या रहस्यकथाकारांनी सहसा पाहिले नाही.

या पहिल्या पुस्तकात घोटे याच्या पाठीमागे फिरणारा युनेस्कोचा पाहुणा स्वीडिश दाखविला आहे, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये श्योवाल आणि वालो या जोडीने ‘रोझेआना’ लिहून मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा पुस्तकांच्या मालिकेस प्रारंभ केला. योगायोग खरा, पण मनोरंजक. घोटे याची मालिका त्याहून किती तरी लांबली. १९८८ मध्ये पहिल्या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि त्यात नसीरुद्दीन शाह घोटे झाले. मराठी वाचकाला मात्र अभिमानाने नाव घ्यावे असा इन्स्पेक्टर त्याच्या दोन वर्षे आधी वर्तमानपत्रांनी दिला होता: १९७१ मध्ये कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला एकदा पकडलेले मुंबईचे मधुकर झेंडे यांनी, तिहार तुरुंगातून निसटलेल्या त्या इसमास ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात, पर्वरीच्या एका उपाहारगृहात, पुन्हा जेरबंद केले.