तळघरातली खोकी

संशोधनाचा विषय ठरवताना आपण सगळे आधी ‘नवा डेटा कुठून आणू?’ याच्या मागे लागतो. मीही लागले होते. म्हणून ही एका जुन्या डेटाची गोष्ट.

हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बॉस्टन परिसरातले १००० मुलगे निवडले. ५०० सुधारगृहांतले, ५०० साधे शाळकरी. वय, वंश, बुद्ध्यांक आणि वस्ती बघून त्यांच्या जोड्या लावल्या. १९५० साली पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की वडिलांची शिस्त, आईची देखरेख, दोघांची माया आणि घरातली एकी एवढ्यावरून मूल पुढे गुन्ह्याकडे वळेल का, हे सहाव्या वर्षाच्या आसपासच ओळखता येईल.

जरा थांबा, इथेच गोची आहे. नमुन्यात निम्मे मुलगे गुन्हेगार. खऱ्या शाळेत एवढे असतात का? समजा, १०० मुलांत १० आहेत, आणि तक्ता १० पैकी ९ वेळा बरोबर ठरतो. मग ते ९ सापडतील, पण उरलेल्या ९० मधल्या ९ निरपराध पोरांवरही शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्यांपैकी निम्मी निर्दोष! आणि वय काय, तर सहा.

ग्लूक यांनी या मुलांना २५व्या आणि ३२व्या वर्षी पुन्हा गाठलं. पुढे ते कागद हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडले. १९८०च्या दशकात जॉन लॉब यांच्या हाती ती साठेक खोकी लागली. रॉबर्ट सॅम्पसन यांच्यासोबत त्यांनी तो सगळा पसारा संगणकावर चढवला आणि प्रश्नच बदलला: यातले थांबले कोण, आणि कशामुळे? १९९३च्या पुस्तकात उत्तर आलं: बालपण कसंही असो, घट्ट वैवाहिक नातं आणि टिकाऊ नोकरी मिळालेले गुन्ह्यापासून दूर जाताना दिसतात. त्याच वर्षी टेरी मॉफिट यांनी वेगळी मांडणी केली: काहींचा गुन्हा पौगंडावस्थेपुरता, मोजक्यांचा जन्मभराचा.

मग लॉब आणि सॅम्पसन यांनी ‘गुन्हेगार’ गटाच्या नोंदी सत्तरीपर्यंत तपासल्या, त्यातल्या ५२ जणांशी प्रत्यक्ष बोलले. वय वाढलं तसे सराईतही थंडावत गेले. कोण कधी थांबेल, हे बालपणावरून नीट सांगता येईना.

आता तुम्ही विचाराल, लग्नाने माणूस सुधारला, की सुधारत असलेल्यालाच मुलगी मिळाली? बरोबर विचारताय, हा वाद अजून चालू आहे. आणि हो, त्या खोक्यांत सगळे गोरे मुलगेच आहेत. मुलगी एकही नाही.