तबकडी, हेड आणि बसऱ्याहून आलेलं पत्र

मागच्या दोन भागांत आपण मेसोपोटेमियाच्या मोहिमेबद्दल बोललो. आज त्याच मोहिमेचा एक कागद वाचवण्याची गोष्ट सांगतो. ती घडली बेंगळुरूत, माझ्या घरच्या टेबलावर.

माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते. २९ एप्रिल १९१६ ला कूत-अल-अमारा पडलं, त्यात ते कैद झाले आणि परत आले नाहीत. त्याआधी, १९१५ साली, बसऱ्याहून त्यांची काही पत्रं आली होती. मोडीत, बहुधा पलटणीतल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेली. ती सांगलीला चुलतभावाकडे एका पत्र्याच्या पेटीत होती. २०१४ साली मी त्यांचे फोटो काढून आणले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पेटीसकट सगळं गेलं. मग उरली फक्त माझी हार्ड डिस्क. तिची दुसरी प्रत मी काढली नव्हती. पलटणीत कुणा जवानाने असा हलगर्जीपणा केला असता तर मी काय बोललो असतो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये डिस्क टक्‌टक् वाजू लागली. मी ती चार वेळा बंद-चालू केली. ही पहिली चूक. मग एका दुकानात दिली. तिथल्या माणसाने मूळ डिस्कवरच दुरुस्तीचा प्रोग्राम रात्रभर चालवला. ही दुसरी चूक, आणि तीही माझीच, कारण मी काहीच विचारलं नाही.

ही चूक का, ते समजायला थोडं मागे जाऊ. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, रॅमॅक यंत्राबरोबर. २४ इंची ५० तबकड्या, वजन जवळजवळ एक टन, आणि त्यात मावणारी अक्षरं फक्त ५० लाख. आज मोबाइलमधल्या दोन-चार फोटोंत तेवढी जागा संपते. तत्त्व मात्र अजून तेच आहे. फिरणाऱ्या तबकडीवर चुंबकीय थर, आणि हवेच्या पातळ गादीवर तरंगणारं हेड. हेड तबकडीला टेकत नाही. आजच्या डिस्कमध्ये ते अंतर काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. हेड बिघडलं की ते आपली जागा शोधत पुनःपुन्हा मागे येतं, तोच तो टक्‌टक् आवाज. आणि ते घासलं, तर चुंबकीय थर खरवडून निघतो. खरवडलेलं कोणताही प्रोग्राम परत आणत नाही. म्हणून अशा डिस्कवर प्रत्येक जादा फेरी म्हणजे जखमी माणसाला परेड करायला लावणं.

थर शाबूत असेल तर मात्र आश्चर्य घडतं. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला त्यात होती. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची सीगेटची डिस्क टेक्सासमध्ये अवशेषांत सापडली. वरून जळलेली, आत धूळ गेलेली. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीने तबकड्या धुतल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. नशीब असं की जिथे लिहिलेलं होतं तो भाग ओरखड्यांतून वाचला होता. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच मिळालं नाही. त्या प्रयोगाचा निबंध २००८ साली छापून आला.

मला शेवटी एस. पी. रोडवर एक तरुण भेटला. आवाज ऐकताच म्हणाला, "सर, आता वीज लावू नका." त्याने तशाच मॉडेलच्या डिस्कचं हेड धूळरहित खोलीत बदलून घेतलं. मग दुरुस्ती केली नाही, आधी नक्कल केली. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो सोपे भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा यादीत टिपून पुढे जातो, आणि हट्टी सेक्टरांकडे सर्वांत शेवटी वळतो. डिस्क मध्येच मेली तरी जेवढं उचललं तेवढं हाती राहतं. मोर्चेबांधणी म्हणून मला हे फार आवडलं.

तो काम करत होता त्या आठवड्यात मी बेगूरच्या नागेश्वर देवळात जाऊन आलो. तिथे साधारण इसवी सन ८९० च्या सुमाराचा कन्नड शिलालेख आहे. 'बेंगळूरु' हे नाव सापडतं असा सर्वांत जुना लेख तोच, आणि तो एका लढाईत पडलेल्या माणसाचा आहे. शिलालेख वाचणाऱ्यांची रीतही हीच. दगड ओला करायचा, कागद ब्रशने ठोकून बसवायचा, वर शाई फिरवून ठसा घ्यायचा, आणि वाचन त्या ठशावर करायचं. लुईस राइसने बेंगळुरू जिल्ह्याचे लेख १९०५ साली छापले. त्यातले कितीतरी दगड पुढे शहराच्या बांधकामात गेले. मजकूर उरला तो छापलेल्या पुस्तकात. अलीकडे मिथिक सोसायटीची मंडळी उरलेल्या दगडांची त्रिमितीय स्कॅन करत फिरतात.

अकराव्या दिवशी फोन आला. ४१२ फोटोंपैकी ३७१ पूर्ण मिळाले, काही अर्धे. बसऱ्याची तीन पत्रं होती, दोन नीट आली. तिसऱ्याचा वरचा भाग दिसतो: तारीख, 'चिरंजीवास आशीर्वाद', आणि गावच्या पावसाची चौकशी. खाली फोटो राखाडी होतो. पोराला मी विचारलं, आणखी प्रयत्न करता येईल का? तो म्हणाला, तिथे तबकडी घासली आहे, सर.

त्या नकलेच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक सांगलीला, एक पुण्याला मुलीकडे. जुनी डिस्क मी फेकलेली नाही. पुढच्या भागात ती दोन पत्रं वाचू.