लाकडी पट्टीचं कूळ

चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. दिग्रसकडच्या शेतकऱ्याला हा आकडा पाठ असतो. मोजणी महसूल मंडळातल्या यंत्राची. आपलं कपाशीचं वावर तिथून दोन कोसांवर असलं तरी तीच लागू. मग वावरात नेमका किती पडला?

एका सरळ रस्त्यावर दहा किलोमीटर अंतराने दोन पर्जन्यमापकं धरा. पहिल्यात 40, दुसऱ्यात 80. प्रत्येकाला एक भार द्यायचा, त्याला त्या मापकापर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि दोन्ही गुणाकारांची बेरीज घ्यायची. प्रत्येक मापकापाशी ही बेरीज तिथल्या नोंदीइतकीच यायला हवी. मापकापाशी स्वतःचं अंतर शून्य, म्हणून तिथे फक्त समोरच्याचं चालतं. त्यामुळे पहिल्याचा भार 8 येतो, दुसऱ्याचा 4. मधोमध पाच किलोमीटरवर 40 अधिक 20, म्हणजे 60. एवढंच.

अंतराऐवजी अंतराचा घन घ्या, जोडीला एक सरळ रेषा द्या, की वळणदार स्प्लाइन मिळते. स्प्लाइन म्हणजे मुळात जहाजाचे आराखडे काढणाऱ्यांची लवचीक लाकडी पट्टी. वजनं ठेवून ती हव्या त्या बिंदूंवरून वाकवायची. 1946 मध्ये आयझॅक शोनबर्ग यांनी हा शब्द गणितात आणला.

या कुळाची दुसरी शाखा नकाशावाल्यांची. आयोवाचे रोलंड हार्डी यांना विखुरलेल्या उंचींवरून समोच्च रेषा काढायच्या होत्या. बहुपदी वापरली की मधेच नसलेल्या टेकड्या उगवत. त्यांनी नुसत्या अंतराऐवजी अंतराच्या वर्गात एक स्थिरांक मिळवून त्याचं वर्गमूळ घेतलं. बिंदूपाशी येणारं टोक गोल झालं. 1971 मध्ये हे छापून आलं. पुढे रिचर्ड फ्रँके यांनी अशा बऱ्याच पद्धती ताडून पाहिल्या. 1982 च्या त्यांच्या लेखात हार्डींची पद्धत सरस ठरली. पण बिंदू वेगवेगळे असले की भार दरवेळी निघतीलच, याची सिद्धता कुणाकडे नव्हती. गणिताआधी वापर रूढ झाला, हे मला तरी आवडतं.

सिद्धता 1986 मध्ये चार्ल्स मिकेली यांनी दिली. तिचा पाया होता 1938 चं एक जुनं काम. तेही शोनबर्ग यांचंच.