उपनगरीय बाजारपेठांचे पुनर्विकसन आणि 'टिफ'चा वाद : इलिनॉय राज्यातील अनुभव

प्रस्तावना

अमेरिकेत मालमत्ता कर हा स्थानिक शासनसंस्थांच्या उत्पन्नाचा प्रमुख आधार आहे. मात्र एका घरावर आकारलेला कर एकट्या नगरपालिकेला मिळत नाही. शाळा, ग्रंथालय, उद्यान, काउंटी अशा स्वतंत्र कराधिकार असलेल्या संस्थांमध्ये तो विभागला जातो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बहुधा शाळांचा असतो. शिकागोभोवतालच्या उपनगरांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जुन्या बाजारपेठांच्या पुनर्विकसनावरून जे वाद झाले, त्यांचे मूळ या विभागणीत सापडते. वरवर पाहता चर्चा इमारतींची उंची, वाहनतळ आणि दुकाने यांची होती. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र असा होता की, उद्या वाढणाऱ्या करावर आज हक्क कोणाचा? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

साधनाचा उगम

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने मोडकळीस आलेल्या शहरी वस्त्यांच्या पुनर्विकसनासाठी संघराज्याचा निधी उपलब्ध झाला. निव्वळ खर्चाचा दोन-तृतीयांश भाग केंद्र शासनाने आणि उर्वरित भाग स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यात सर्वसाधारण तरतूद होती. हा स्थानिक हिस्सा उभा करण्याचे एक साधन म्हणून कॅलिफोर्नियाने १९५२ मध्ये घटनादुरुस्तीद्वारे 'टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग' म्हणजेच करवृद्धीवर आधारित वित्तपुरवठा स्वीकारला. 'टिफ' या संक्षिप्त नावाने तो पुढे रूढ झाला. १९७४ मध्ये केंद्राची जुनी नागरी पुनर्विकसन योजना संपुष्टात आली. परिणामी, केंद्राच्या मदतीला पूरक असलेले हे साधन त्या मदतीची जागा घेऊ लागले. इलिनॉय राज्याने १९७७ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि १९८० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

या साधनाची रचना एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या क्षेत्रातील मालमत्तेचे करपात्र मूल्य १ कोटी डॉलर असताना ते क्षेत्र 'टिफ' म्हणून घोषित झाले, तर हे मूल्य आधारभूत म्हणून गोठविले जाते. पुढे मूल्य ३ कोटींवर गेले, तरी शाळेसह सर्व संस्थांना १ कोटीवरील कराचाच वाटा मिळतो. वाढीव २ कोटींवरील कर विशेष निधीत जमा होतो. त्यातून रस्ते, वाहनतळ, भूसंपादन यांचा खर्च भागतो किंवा त्यासाठी काढलेले रोखे फेडले जातात. इलिनॉयमध्ये ही मुदत सामान्यतः २३ वर्षांची असते.

उपनगरांतील प्रवेश

शिकागोची अनेक जुनी उपनगरे रेल्वेमार्गांच्या कडेने वाढली आणि त्यांच्या बाजारपेठा स्थानकांभोवती वसल्या. स्कोकी येथील 'ओल्ड ऑर्चर्ड' (१९५६), माउंट प्रॉस्पेक्ट येथील 'रँडहर्स्ट' (१९६२) आणि शॉमबर्ग येथील 'वुडफील्ड' (१९७१) या विस्तीर्ण व्यापारसंकुलांनी ग्राहक आपल्याकडे वळविले. स्थानकाजवळची दुकाने ओस पडू लागली, तेव्हा स्थानिक मंडळांना 'टिफ'चा आधार वाटणे स्वाभाविक होते.

कायद्याची भाषा मात्र अवनत वस्त्यांची होती. तरीही 'संवर्धन क्षेत्र' या वर्गवारीत निम्म्या किंवा अधिक इमारती ३५ वर्षांहून जुन्या असणे आणि त्यासोबत काही अन्य उणिवा आढळणे पुरेसे होते. रेल्वेकाठच्या बाजारपेठेत पहिली अट जवळजवळ आपोआपच पूर्ण होई. उणिवांची नोंद सल्लागारांच्या अहवालात होत असे. त्यामुळे सुस्थितीतील उपनगरांनाही हे दार खुले झाले. आपली बाजारपेठ कागदोपत्री ऱ्हासाच्या वाटेवर आहे, हे वाचून तेथील रहिवासी आणि दुकानदार अस्वस्थ झाल्यास नवल नव्हते.

वादाचे स्वरूप

समर्थकांचा युक्तिवाद सरळ होता. हा नवा कर नाही. मदतीशिवाय विकसक येणार नाही. आणि मुदत संपल्यावर वाढलेले मूल्य सर्वच संस्थांना उपलब्ध होईल. आक्षेप घेणाऱ्यांचे लक्ष मधल्या काळाकडे होते. योजनेच्या प्रारंभी सहा वर्षांचे असलेले मूल ती संपताना २९ वर्षांचे होते. त्याचे शालेय शिक्षण गोठविलेल्या कराच्या काळातच पूर्ण होते. नवीन सदनिकांतून येणाऱ्या मुलांचा खर्च शाळेवर पडतो, पण त्या सदनिकांवरील वाढीव कर शाळेला मिळत नाही. शाळेने गरजेनुसार आपली मागणी वाढविली, तर क्षेत्राबाहेरील घरमालकांचा करदर वाढतो. १९९१ पासून प्रथम शिकागोलगतच्या काउंटींत आणि पुढे कुक काउंटीत करवाढीवर मर्यादा आली, तेव्हा हा मार्गही अरुंद झाला.

दोन्ही बाजूंचे गणित एका गृहीतकावर अवलंबून होते. वरील उदाहरणात योजना नसतानाही मूल्य दीड कोटींपर्यंत वाढले असते, तर ५० लाखांवरील कर इतर संस्थांकडून वळविला गेला असे म्हणावे लागेल. काहीच वाढ झाली नसती, तर कोणाचेही नुकसान झाले नाही. कायद्याने यासाठी 'या योजनेअभावी विकास अपेक्षित नाही' असा निष्कर्ष नोंदविणे बंधनकारक केले. परंतु तो नोंदविण्याचा अधिकार त्याच मंडळाला दिला, ज्याच्या हाती निधी येणार होता. रहिवाशांना जनसुनावणीत बोलता येई. अंतिम मतदान मंडळाचे असे.

पुरावा आणि सुधारणा

सुबत्ता असलेल्या भागांतील वापरावर टीका वाढल्यानंतर इलिनॉयने १९९९ मध्ये कायद्यात सुधारणा केली. अवनतीच्या व्याख्या काटेकोर झाल्या. शाळा, उद्यान, ग्रंथालय इत्यादींचे प्रतिनिधी आणि एक नागरिक प्रतिनिधी असलेल्या संयुक्त पुनरावलोकन मंडळाने प्रतिकूल मत दिल्यास योजना संमत करण्यासाठी तीन-पंचमांश बहुमत आवश्यक ठरले. साहाय्यप्राप्त गृहप्रकल्पांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शाळांना भरपाईची तरतूदही झाली. २००० मध्ये रिचर्ड डाय आणि डेव्हिड मेरिमन यांनी शिकागो परिसरातील नगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'टिफ' स्वीकारणाऱ्या नगरांत मालमत्तामूल्याची एकूण वाढ न स्वीकारणाऱ्यांपेक्षा मंद असल्याचे त्यांना आढळले. क्षेत्रातील वाढ अंशतः क्षेत्राबाहेरील वाढीच्या मोबदल्यात होत असावी, असा याचा अर्थ निघतो. एखाद्या विशिष्ट गावाचा निवाडा अशा सरासरीवरून करता येत नाही. तथापि सुनावणीत उपस्थित होणारी शंका निराधार नव्हती, हे यावरून दिसते.

कॅलिफोर्नियात तोच प्रश्न राज्याच्या तिजोरीपर्यंत पोहोचला. तेथे एकूण मालमत्ता कराचा सुमारे १२ टक्के भाग पुनर्विकसन संस्थांकडे जात होता आणि शाळांची तूट राज्याला भरून काढावी लागत होती. २०११ च्या कायद्यानुसार, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर, सुमारे ४०० संस्था १ फेब्रुवारी २०१२ रोजी विसर्जित झाल्या. पुढे २०१४ मध्ये तेथे करवृद्धीच्या वापरास नव्या स्वरूपात वाट देण्यात आली. मात्र त्यात शाळांचा वाटा वगळण्यात आला.

समारोप

ओस पडलेल्या बाजारपेठेला सार्वजनिक निधीची गरज भासू शकते, हे आक्षेपकांनीही सरसकट नाकारण्याचे कारण नाही. मात्र न घडलेल्या भविष्याविषयीचा दावा कोणत्याही अहवालाने पूर्णतः सिद्ध होत नाही. म्हणूनच पुराव्याचा भार कोणावर, हा केवळ तांत्रिक तपशील न राहता वादाचा गाभा ठरतो. इलिनॉयच्या १९९९ च्या सुधारणेने हा भार काही अंशी मंडळाकडे सरकविला. कॅलिफोर्नियाने शाळांचा वाटा बाजूला काढून त्या प्रश्नाचे अधिक स्पष्ट उत्तर दिले : जे मूल आज वर्गात बसले आहे, त्याच्या शिक्षणाच्या पैशावर उद्याच्या बाजारपेठेचे कर्ज उभारू नये.